आधी बिदागी

‘अमेरिका तुम्हाला कशी सापडली?’ असं मराठीत कोणी विचारत नाही. आपण ‘कशी वाटली’ म्हणतो. इंग्रजीत मात्र वाटण्याला आणि सापडण्याला एकच क्रियापद चालतं, आणि जॉन लेननच्या नावावरचं एक गाजलेलं उत्तर नेमकं त्या फटीतून आत शिरतं: ग्रीनलंडवरून डावीकडे वळलो. हे मराठीत आणायला मी दोन दिवस घालवले. तळटीप देऊन विनोद समजावणं म्हणजे पाहुण्याला जेवायला वाढून शेजारी पाककृती वाचत बसणं, ते करायचं नव्हतं. शेवटी आपल्याच बोलण्यातली एक फट सापडली. ‘अमेरिकेत कसं काय येणं केलंत?’ ‘ग्रीनलंडवरून डावीकडे.’ विचारणाऱ्याला कारण हवं होतं, सांगणाऱ्याने रस्ता सांगितला. जमलं म्हणून स्वतःवर खूश झालो, आणि मग लक्षात आलं की हे वाक्य कुठल्याही मुलाखतीतलं नाही. ते 1964 च्या ‘अ हार्ड डेज नाइट’ या सिनेमातलं आहे. अॅलन ओवेन या पटकथाकाराने त्याआधी काही दिवस बीटल्सबरोबर डब्लिनमध्ये काढले होते, आणि त्यांच्या बोलण्याची ढब उचलून त्याने ही प्रश्नोत्तरं रचली. केसांच्या त्या वळणाला काय म्हणता, तर ‘आर्थर’. मॉड की रॉकर (तेव्हाच्या ब्रिटिश तरुणांचे दोन कंपू), तर ‘मॉकर’, म्हणजे टवाळ. सगळं त्याच सिनेमातलं. जगभर मात्र ते खऱ्या पत्रकार परिषदेतलं म्हणून सांगितलं जातं.

त्यामुळे ते उत्तर पुढच्या पानांत तुम्हाला मिळणार नाही. या संग्रहात 1963 ते 1966 या चार वर्षांतली बीटल्सची आणि बॉब डिलनची खरोखर झालेली प्रश्नोत्तरं आहेत. आधी बेत मोठा होता. जॅझवाले घ्यायचे होते, आपले उस्ताद-पंडित घ्यायचे होते, 1974 मध्ये स्वतःच स्वतःची मुलाखत लिहिणारा पियानोवादक ग्लेन गूल्ड तर घ्यायचाच होता. पण गोळा करत गेलो तसं दिसलं की थोर कलावंतांचे विनोद सुटे छापले की त्यांची लगेच सुभाषितं होतात. डायरीच्या पानाखाली शोभतात, पण मेलेले असतात. विनोदाला प्रश्न लागतो, खोली लागते, त्या दिवशीचा वैताग लागतो. म्हणून चार वर्षं आणि दोनच नावं.

7 फेब्रुवारी 1964. न्यूयॉर्कच्या विमानतळाला केनेडींचं नाव लागून जेमतेम सहा आठवडे झाले होते, खुद्द केनेडींच्या खुनाला अकरा. पॅन अॅमच्या विमानातून चार पोरं उतरली. जॉन आणि रिंगो तेवीस वर्षांचे, पॉल एकवीस, जॉर्जला एकवीस पूर्ण व्हायला अजून अडीच आठवडे. बाहेर तीनेक हजार मुलामुलींचा कल्लोळ, आत सुमारे दोनशे बातमीदार. हे बातमीदार संगीतावर लिहिणारे नव्हते. इंग्लंडहून केसाळ पोरं आली आहेत, जरा फिरकी घेऊन येऊ, अशा तयारीने आलेले बेरकी लोक. गोंधळ इतका झाला की बीटल्सच्या प्रसिद्धी अधिकाऱ्याने सगळ्यांना गप्प बसायला फर्मावलं, तर चौघांनी त्याचीच री ओढली: हो ना, गप्प बसा! त्यावर टाळ्या पडल्या. माझ्या मते सामना तिथेच संपला. पुढची दहा-पंधरा मिनिटं नुसता निकाल वाचून दाखवणं होतं.

काही म्हणून दाखवणार का? नाही. परत आग्रह झाला, तेव्हा लेनन म्हणाला, आधी पैसे. इथे मी ‘बिदागी’ हा शब्द वापरलाय. तो काहींना जुनाट वाटेल, पण गाणाऱ्याने पैशांचं बोलणं आणि ते हसत बोलणं यासाठी मराठीत त्याच्याइतका नेमका शब्द मला मिळाला नाही. डेट्रॉईटमध्ये तुमच्याविरुद्ध मोहीम निघाली आहे म्हणतात? पॉलचं उत्तर भाषांतराला आयतं मिळालं, कारण आपल्याकडे ‘हटाव’ आहे. तुमची बीटल्स हटाव असेल, तर आमचीही डेट्रॉईट हटाव चालू आहे. बीथोव्हेनबद्दल काय मत? रिंगो म्हणाला, थोर माणूस, विशेषतः त्याच्या कविता. आपल्याकडे कोणी तोंड सरळ ठेवून म्हणावं, तानसेन मोठाच, त्याचे अभंग तर विचारू नका, तसं. इथे केस कापून घेणार का? जॉर्ज म्हणाला, कालच कापले. आणि रिंगोने पुस्ती जोडली: त्याच्या आदल्या दिवशी बघायला हवा होता.

ही पुस्ती महत्त्वाची. जॉर्जचं उत्तर चांगलं आहे, पण एकट्याचं असतं तर ते उद्धटपणाकडे झुकलं असतं. रिंगोने ते उचलून धरल्यावर त्याचा खेळ झाला. तमाशाच्या बतावणीत एक सरळ बोलणारा असतो आणि एक सोंगाड्या. पहिला शहाण्यासारखं विचारतो, सोंगाड्या मुद्दाम भलतंच ऐकतो, आणि लोक सोंगाड्याच्या बाजूने होतात. विमानतळावर सरळ बोलणाऱ्याचं काम दोनशे बातमीदार फुकटात करत होते आणि समोर एक सोडून चार सोंगाडे होते. दुसऱ्या दिवशी पेपरांत जे आलं त्यात केसांची थट्टा होतीच. पण उत्तरंही छापावी लागली, आणि ती प्रश्नांपेक्षा सरस होती.

आता जरा मागे जाऊ, कारण ही तयारी त्या दिवशीची नव्हती. जून 1962 मध्ये लंडनच्या ईएमआय स्टुडिओत बीटल्सची पहिली चाचणी झाली. निर्माता जॉर्ज मार्टिन याने त्यांना त्यांच्या उणिवा सांगितल्या, आणि सभ्यपणे विचारलं, तुम्हाला काही आवडलं नसेल तर बोला. जॉर्ज हॅरिसन म्हणाला, एक तर तुमचा टाय आवडला नाही. पुढे बराच वेळ ही पोरं मार्टिनला हसवत राहिली. चाचणीत त्यांचं गाणं फार काही ग्रेट वाटलं नव्हतं, माणसं मात्र आवडली, असं मार्टिनने स्वतःच सांगून ठेवलंय.

मार्टिन हसला यालाही कारण आहे. त्याआधीची काही वर्षं तो विनोदी रेकॉर्ड काढत होता, पीटर सेलर्सच्या आणि स्पाइक मिलिगनच्या. हे दोघे बीबीसी रेडिओच्या ‘गून शो’तले. 1951 ते 1960 चाललेल्या त्या कार्यक्रमात तर्क घरी ठेवून यायचं असा नियमच होता, आणि लिव्हरपूलच्या एका घरात शाळकरी जॉन लेनन तो रेडिओला कान लावून ऐकायचा. पुढे त्याच्या संहितांचं पुस्तक आलं, त्याचं परीक्षण 1973 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेननने लिहिलं. म्हणजे मार्टिन ज्यांच्या रेकॉर्ड काढत होता, तेच या पोरांचे गुरू निघाले. आणि त्यातला मिलिगन हा बहुतेक सगळ्या संहितांचा लेखक. 1918 साली तो आपल्या अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, जन्मला. वडील ब्रिटिश लष्करात होते. बालपणाचा मोठा भाग पुण्याच्या कॅम्पात गेला. बीटल्सच्या विनोदाचं मूळ नगरला आहे असा दावा मी करणार नाही, तो मिलिगनलाच शोभला असता. पण केनेडी विमानतळावरच्या त्या उत्तरांचा वंशवृक्ष काढायला बसलं, तर एक फांदी पुणे कॅम्पातून जाते एवढं खरं.

हे लोक हसवत का होते? खेळकर वय, लिव्हरपूल बंदराची टवाळ बोली, सगळं मान्य. पण सलग दोनशे-तीनशे प्रश्नोत्तरं भाषांतरित केल्यावर माझं मत एकच झालंय. खोटं न बोलता खरं न सांगण्याची याहून चांगली सोय माणसाला अजून सापडलेली नाही. ‘तुमच्या यशाचं कारण काय’ याचं खरं उत्तर कोणाकडे नसतं. नम्रपणे ‘सगळी रसिकांची कृपा’ म्हणणं खोटं, आणि ‘आम्ही चांगले आहोत’ म्हणणं खरं असलं तरी म्हणता येत नाही. लेनन म्हणाला, माहीत असतं तर आम्ही दुसरा बँड उभा करून त्याचे मॅनेजर झालो असतो. यात नम्रता नाही, बढाईही नाही. वर मलई कोण खातं याची चुणूक आहे ती वेगळीच.

आणि ही सोय सोडली की काय होतं तेही याच चार वर्षांत दिसलं. 4 मार्च 1966 च्या लंडनच्या ईव्हनिंग स्टँडर्डमध्ये मॉरीन क्लीव्हने लेननवर लेख लिहिला. ती ओळखीची होती, हुशार होती, त्याच्या घरी गेली होती. इथे फिरकी घेणारे बातमीदार नव्हते, म्हणून सोंगही नव्हतं. लेनन मनातलं बोलला: ख्रिस्ती धर्म ओसरत चाललाय, आणि आज आम्ही येशूपेक्षा जास्त लोकप्रिय आहोत. इंग्लंडमध्ये कोणी भुवई उंचावली नाही. जुलैअखेर ते वाक्य अमेरिकेत ‘डेटबुक’ नावाच्या किशोरांच्या मासिकात आलं आणि दक्षिणेकडच्या गावांत रेकॉर्डच्या होळ्या पेटल्या. 11 ऑगस्टला शिकागोच्या हॉटेलात लेननला कॅमेऱ्यांसमोर बसून खुलासा करावा लागला. ती फिल्म मिळाली तर जरूर बघा. अडीच वर्षांपूर्वी ज्याने बिदागी मागितली होती तोच माणूस, पण वाक्य अडतंय, पुन्हा मागे जातंय. टेलिव्हिजन येशूपेक्षा लोकप्रिय आहे असं म्हटलं असतं तर खपून गेलं असतं, असं तो म्हणतो. वाक्याची ठेवण विनोदाची आहे, पण तो हसत नाहीये. गंमत म्हणजे (गंमत हा शब्द इथे कसा वापरावा कळत नाही) लेनन त्याच्या एकाही विनोदासाठी असा अडकला नव्हता. अडकला तो एकदा गंभीरपणे बोलला तेव्हा. त्या दौऱ्याचा शेवट 29 ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोत झाला आणि तिकीट लावून कार्यक्रम करणं बीटल्सने कायमचं सोडलं.

जॉर्ज हॅरिसन त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत मुंबईत होता. रविशंकरांकडे सतार शिकायला आला होता, ताजमध्ये खोट्या नावाने उतरला होता, ओळखू येऊ नये म्हणून मिशी वाढवलेली. लिफ्टमधल्या माणसाने ओळखलंच. अपोलो बंदरावर पोरापोरींची गर्दी जमली आणि शेवटी ताजमध्येच पत्रकार परिषद घ्यावी लागली. त्याचं म्हणणं साधं होतं: सतार शिकायला आलोय, निवांतपणा हवाय. यात मला विनोद शोधून सापडला नाही, आणि ही परिषद संग्रहात घेतली ती त्यासाठीच. ज्याला खरंच काही सांगायचं असतं तो सोंग बाजूला ठेवतो. पुढे रविशंकर आणि शिष्य काश्मीरला निघून गेले.

रविशंकरांचं नाव आलंच आहे तर एक गोष्ट, जी मुलाखतीत बसत नाही. 1 ऑगस्ट 1971, बांगलादेशसाठीची न्यूयॉर्कची मैफल. सतार आणि सरोद सुरात मिळवणं चाललं होतं. ते संपलं आणि मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. रविशंकर म्हणाले, सूर जुळवणं इतकं आवडलं असेल, तर वादन आणखी आवडेल अशी आशा आहे. कोणी काही विचारलं नव्हतं. पण हजारो लोकांना त्यांची चूक त्यांचा अपमान न करता सांगायची, तर दुसरा कुठला मार्ग होता?

बॉब डिलनकडे असा सौम्यपणा नाही, आणि त्याची सुरुवातही विनोदाने नाही तर थापांनी झाली. न्यूयॉर्कला आल्यावर तो सांगायचा की मी जत्रांबरोबर फिरलो, घरच्यांशी संबंध नाहीत. 1963 च्या शरद ऋतूत न्यूजवीकने छापलं की हा मिनेसोटातल्या हिबिंगचा रॉबर्ट झिमरमन, आईवडील धडधाकट आहेत आणि मुलाच्या कार्नेगी हॉलमधल्या कार्यक्रमाला तेही न्यूयॉर्कला आले होते. डिलन भयंकर चिडला. त्यानंतरची त्याची उत्तरं ओळीने वाचली तर मला असं दिसतं की या माणसाने थापा मारणं कमी केलं आणि थापेचा आकार तेवढा ठेवला. थाप पकडता येते. ‘कायम सोबत एक विजेचा दिवा बाळगा’ हा जगाला संदेश आहे म्हणून लंडनच्या विमानतळावर हातात हा एवढा मोठा दिवा घेऊन उभा राहिलेला माणूस कशात पकडणार?

3 डिसेंबर 1965 ला सॅन फ्रान्सिस्कोच्या केक्यूईडी या टीव्ही केंद्रात झालेली त्याची पत्रकार परिषद या पुस्तकाचा गाभा आहे. तासाभराचा ऐवज, जवळजवळ सगळा घेतलाय. डिलन चोवीस वर्षांचा. समोर बातमीदार, काही शाळकरी वार्ताहर, आणि प्रश्न विचारायला चक्क कवी अॅलन गिन्सबर्ग. पहिलाच प्रश्न रेकॉर्डच्या वेष्टनावरच्या शर्टाचा गूढार्थ काय. नंतर विचारलं गेलं, तुम्ही स्वतःला मुख्यतः गायक समजता की कवी? डिलनचं उत्तर असं की मी आपला नाचगाण्यातला माणूस. हशा पिकला. या एका शब्दासाठी मी किती मराठी शब्द घासून पाहिले! ‘सोंगाड्या’ मोह घालत होता, पण त्यात हजरजबाबीपणाची शेखी आहे, डिलनला तर खालची पायरी हवी होती. अमेरिकेत अशी माणसं जुन्या करमणुकीच्या थिएटरांत दिवसाला चार खेळ करायची, त्यांच्याशी तो नातं सांगतोय. थट्टा आहे आणि नाहीही. गायक की कवी या वादाचा निकाल स्वीडिश अकादमीने नोबेल देऊन 2016 मध्ये लावला, म्हणजे एक्कावन्न वर्षांनी. तिथेही डिलन कितीतरी दिवस काहीच बोलला नाही.

त्याच बैठकीत कोणीतरी डिवचलं: समजा धंदेवाईकांना विकला गेलात, तर कोणत्या धंद्याला? डिलन म्हणाला, बायकांचे कपडे. त्याच महिन्यात लॉस एंजेलिसला विचारलं, तुमच्यासारखे निषेधाची गाणी म्हणणारे किती? एकशे छत्तीस. नक्की एकशे छत्तीस? एकशे छत्तीस किंवा एकशे बेचाळीस. आकड्याला भुलणाऱ्या बातमीदारीची याहून नेटकी चेष्टा मी वाचलेली नाही. आणि कपड्यांचं म्हणाल, तर 2004 मध्ये बायकांच्या अंतर्वस्त्रांच्या एका बड्या कंपनीच्या जाहिरातीत बॉब डिलन खरोखर झळकला. एकोणचाळीस वर्षं विनोद उबवणारा दुसरा कोणी मला माहीत नाही.

पण सगळंच कौतुकाने वाचू नका. 1965 च्या इंग्लंड दौऱ्यावरच्या ‘डोन्ट लुक बॅक’ या माहितीपटात ग्रीनरूममध्ये विज्ञानाचा एक विद्यार्थी डिलनशी बोलू बघतो. डिलन त्याला अक्षरशः सोलतो. लोक याला हजरजबाबीपणा म्हणतात. मी म्हणणार नाही. तिथे दोनशे बातमीदार नाहीत, एकटा मुलगा आहे, आणि डिलनच्या बाजूला हसायला त्याचा कंपू बसलाय. सोंगाड्या वरच्याला बोलतो म्हणून लोक त्याचे असतात. तो प्रसंग संग्रहात पूर्ण दिलाय, म्हणजे तुम्हीच ठरवा. आणखी एक सावधगिरी: मार्च 1966 ची प्लेबॉयमधली मुलाखत. पहिल्या मजकुरात मासिकाने फेरफार केले म्हणून डिलन वैतागला आणि मुलाखतकार नॅट हेन्टॉफबरोबर फोनवर अख्खी मुलाखत नव्याने रचून टाकली. भन्नाट आहे. पण ती मुलाखत म्हणून वाचायची की कथा म्हणून, हा प्रश्न मी सोडवलेला नाही.

असे विनोद कसे फिरतात याचाही पुस्तकाच्या शेवटी थोडा शोध घेतलाय. रिंगो जगातला सर्वोत्तम ड्रमर आहे का, यावर लेनन म्हणे म्हणाला, तो बीटल्समधलासुद्धा सर्वोत्तम नाही. हे लेननने कधीच म्हटलेलं नाही. त्याच्या मृत्यूनंतर, 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला, ब्रिटिश विनोदी कार्यक्रमांतून ते आलं. पण लेननच्या तोंडी इतकं फिट्ट बसलं की खुद्द रिंगोच्या चाहत्यांनाही ते खरं वाटतं.

मला हसायचा अधिकार नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मी एका वयस्कर तबलावादकांची मुलाखत घेतली होती. वही उघडून पहिलाच प्रश्न टाकला: बुवा, तुम्ही तबल्याकडे कसे वळलात? त्यांनी डग्ग्यावरची गवसणी घडी करून बाजूला ठेवली आणि म्हणाले, ‘घरात वाजवण्यासारख्या दोनच वस्तू. एक तबला, दुसरं जातं. जातं जड होतं.’ मी मान डोलावत लिहून घेतलं. ‘दळणाच्या घरघरीतून उमललेला ताल’ असा मथळाही दिला. अंक आल्यावर त्यांच्या धाकट्या भावाचा फोन आला. हसत म्हणाले, अहो, आमचा जन्म चाळीतला, दळण कायम गिरणीतून आणलं, जातं आमच्या घरात कधी नव्हतंच.

बुवा गेले तेव्हा शोकसभेत दोन वक्त्यांनी जात्याचा किस्सा सांगितला. एकाने तर आईच्या ओव्यांचाही उल्लेख केला. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. उठून दुरुस्त केलं नाही.